बॅटरीची की गॅसची

आक्का फोर्कलिफ्टवर चढली तेव्हा तिनं आधी पदर कमरेला खोचला, मग चपला काढून खाली ठेवल्या.

"अगं चपला घाल की," मी ओरडलो. "गाडी हाय ती, देव्हारा न्हवं."

"पायाला कळाय नको व्हय, काय दाबलंय ते? तू गप ऱ्हा." मग गाड्या विकायला पुण्याहून आलेल्या चौबळ साहेबांकडं बघून ती म्हणाली, "हं साहेब, सांगा. आता काय करू?"

भूपालअण्णा उगारेंच्या कोल्ड स्टोअरेजच्या आवारात त्या दिवशी दोन गाड्या उभ्या होत्या. एक बॅटरीवर चालणारी, एक गॅसवर. तासगाव भागात तेव्हा बेदाण्याची कोल्ड स्टोअरेजं भराभर उभी राहत होती आणि अण्णांचं नवंकोरं होतं. थंडगार दोन चेंबर, आत बेदाण्याचे हजारो बॉक्स. डिझेलची फोर्कलिफ्ट अण्णांनी पहिल्याच दिवशी बाद केली होती. बेदाण्याला डिझेलचा वास लागला की सौद्याला व्यापारी बॉक्स नाकाला लावतो आणि काही न बोलता बाजूला सारतो. आमच्या धंद्यात सगळा न्याय नाकाचा. हिरवा बेदाणा करायला बंद खोलीत गंधकाची धुरी देतात. आक्कानं पंधरा वर्षं त्या धुरीच्या शेडमध्ये काढली होती. बाहेर उभी राहून ती सांगायची, आज गंधक जास्त झालंय, दार उघडा. आणि ते खरं निघायचं.

मी आक्काचा धाकटा भाऊ, किसन ऐवळे. आई गेली तेव्हा मी चार वर्षांचा होतो आणि आक्का अकरा. तिनं मला कडेवर घेऊन भाकऱ्या थापल्यात. पुढं तिचा नवरा गेला, पोरबाळ झालं नाही, तेव्हापासून तिला मी आणि मला ती. कुपवाडच्या फाउंड्रीत मी नऊ वर्षं डिझेलची फोर्कलिफ्ट चालवली. फाउंड्री बंद पडली आणि आठ महिने मी आक्काच्या चुलीवर जेवलो. ती बेदाणा निवडायची, मी कट्ट्यावर बसून देशाचं राजकारण सुधारायचो. शेवटी तीच अण्णांकडं गेली आणि म्हणाली, "माजा भाऊ म्हंजे इंजनाचा डाक्टर हाय." अण्णांनी मला ठेवून घेतलं आणि सांगितलं, "गाडी चालवणार तू, तर निवडणार पण तूच."

म्हणजे त्या दिवशी आवारात न्यायाधीश मी होतो. आणि चपला काढून गाडीवर बसली होती आक्का.

चौबळ साहेब बाजूला उभं राहून सांगत गेले आणि आक्का करत गेली. गाडी आवाज न करता पुढं सरकली. तिनं पुढचे दोन लोखंडी फोर्क खाली घेतले, बॉक्स रचलेल्या लाकडी पॅलेटमध्ये घातले, वर उचलले, वळली, आणि तीस बॉक्सांचं पॅलेट ताकाचं गाडगं ठेवावं इतक्या हळू खाली ठेवलं. एक बॉक्स हलला नाही. बेदाणा निवडणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांच्यातली मालन तर शिट्टी वाजवायला बघत होती, पण अण्णा समोर होते.

"बघा," चौबळ साहेब खूश होऊन म्हणाले, "गिअर नाही, क्लच नाही, आवाज नाही. आठवडाभर शिकवलं तर यांच्यातली कुणीही चालवेल."

सगळे हसले. मीही हसलो.  नऊ वर्षं मी ज्या विद्येवर मिशीला पीळ दिला, ती माझी बहीण अर्ध्या तासात अनवाणी शिकली होती. कुणीही चालवू शकतं म्हटल्यावर इंजिनाच्या डॉक्टरला अण्णा कशाला पगार देतील? मला परत त्या कट्ट्यावर बसायचं नव्हतं. त्यापेक्षा मेलेलं बरं, असं तेव्हा वाटत होतं. मरण किती स्वस्त वाटतं माणसाला, लांब असलं की.

"बोल किसन," अण्णा म्हणाले. "बॅटरीची की गॅसची?"

"अण्णा, आपल्याकडं आठ-आठ तास लाइट नसती. बॅटरी चार्ज कशावर करायची? कंदिलावर?"

परत सगळे हसले. या वेळी माझ्या बाजूनं. मी आणखी रेटलं. "गॅसचं बरं. टाकी संपली, दुसरी लावली. आणि इंजन हाय, काय बिघडलं तर मी हाय."

"धूर?"

"गॅसला कसला धूर अण्णा? चुलीच्या जागी गॅस आल्यापासनं वहिनींच्या भिंती काळ्या झाल्या का?"

अण्णांना पटलं. चौबळ साहेबांना बहुतेक पटलं नव्हतं. गिऱ्हाईक दोन्हीपैकी काहीही घेवो, गाडी त्यांचीच जाणार होती, तरी जाण्याआधी ते मला कडुनिंबाखाली घेऊन गेले आणि गाडीबद्दल बराच वेळ बोलले. मी मान डोलवत राहिलो. आठवड्यानं गाडी आली. पिवळी, लखलखीत. आक्कानंच तिला नारळ फोडला.

महिनाभर सगळं छान चाललं. मग एप्रिलच्या तिसऱ्या आठवड्यात, सकाळी दहा वाजता, रस्त्याकडचा ट्रान्सफॉर्मर जळाला.

दिवसभर लाइट येणार नाही असा निरोप आला. जनरेटर एकाच चेंबरचा गारवा धरू शकत होता. बाहेर ऊन असं की पत्र्याला हात लावता येत नव्हता. अण्णांनी ठरवलं, दोन नंबरचा सगळा माल एक नंबरमध्ये कोंबायचा, आजच्या आज, गारवा आहे तोवर. लोकांनी विश्वासानं ठेवलेला वर्षाचा माल होता तो. अण्णांचा चेहरा पांढरा पडला होता.

"दारं उघडी टाकायची न्हाईत," त्यांनी बजावलं. "किसन, गाडी आत शिरली की दार ओढून घ्यायचं. एक वाफ बाहेर जाता कामा नये."

दोन नंबरमध्ये सहा बायका होत्या. पाच जणी खाली पॅलेटवर बॉक्स रचत होत्या आणि आक्का वर, लाकडी माळ्यावर, छताला डोकं टेकेल अशा उंचीवर. ती वरून बॉक्स पुढं सरकवायची, मी फोर्कवर पॅलेट वर न्यायचो, भरलं की खाली घ्यायचो. जनरेटरवर दिवे लागत होते पण दोन नंबरचे पंखे बंद होते. मी भरलेलं पॅलेट घेऊन मधल्या बंद पडवीतून एक नंबरला जायचो, टाकून परत यायचो. इंजिन एकदाही बंद केलं नाही. बंद करायला वेळ कुठला?

बारा वाजता अण्णा आले आणि त्यांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "वाचवलंस लेका. बॅटरीची घेतली असती तर आज बसलो असतो बोंबलत."

खरं म्हणजे बॅटरीची रात्रीच चार्ज होऊन बसली असती आणि सहा-सात तास आरामात चालली असती. मला ते ठाऊक होतं. पण थाप पाठीवर पडली होती, ती परत कशी करायची?

साडेबाराला मालनचं डोकं दुखायला लागलं. मग ती कोपऱ्यात जाऊन ओकली.

"उपाशी आलीस का गं?" आक्कानं वरून विचारलं.

"न्हाई वो आक्का. खाऊन आलोय. डोस्कं फुटाय लागलंय निस्तं."

"उन्हातनं एकदम गारठ्यात आलं की हुतं असं." तरी आक्का थांबली. मान वर करून तिनं दोन-तीनदा हवा हुंगली. आम्ही सगळे तिच्याकडं बघत राहिलो, गावात वैदाकडं बघावं तसे. "धुरी न्हाई. गंधक न्हाई. काय न्हाई."

मी प्लँटवरच्या ढोबळेला बोलावलं. गारव्याचं यंत्र अमोनियावर चालतं, तो फुटला तर माणसं मरतात, एवढं आम्हा सगळ्यांना शिकवलेलं होतं. ढोबळे आत आला, कोपऱ्याकोपऱ्यात नाक लावून फिरला. "अमोनिया असता तर आतापतोर डोळ्यातनं धारा लागल्या असत्या," तो म्हणाला. "मैलावरनं कळतंय त्ये. निर्धास्त ऱ्हावा." आणि तो गेला. जाताना दार ओढून घ्यायला विसरला नाही.

दोन पट्टीची नाकं होती तिथं. दोघांनी कौल दिला. आम्ही कामाला लागलो.

मालन पोत्यावर आडवी झाली. एकीला चक्कर आली, ती तिच्याशेजारी बसली. माझ्याही कानशिलात ठणके सुरू झाले होते. मी तंबाखूवर ढकललं. आणखी चाळीस पॅलेट राहिली होती. मी गाडीला जोर दिला.

सव्वा वाजता एक नंबरला पॅलेट टाकून परत आलो, दार ओढून घेतलं आणि काहीतरी वेगळं वाटलं. बायका बोलत नव्हत्या. सहा बायका एका ठिकाणी असताना बोलत नाहीत, असं मी जन्मात पाहिलं नव्हतं. खालच्या पाचही जणी बसलेल्या किंवा पडलेल्या होत्या. एकीचे डोळे उघडे होते आणि ती माझ्याकडं बघत होती, पण तिला मी दिसत नव्हतो.

"आक्का!"

मी गाडीवरून उडी मारली.

"आक्का, ए आक्का!"

माळ्याच्या कडेवरून तिचा हात खाली लोंबत होता. बांगड्या मनगटावरून घसरून तळव्यापाशी आल्या होत्या.

शिडीकडं धावलो. दोन पायऱ्या चढलो आणि पाय लटपटायला लागले, जणू ते माझे नव्हतेच. खाली पडलो. परत चढलो, परत पडलो. ओरडायला गेलो तर आवाज फुटेना. दार दहा पावलांवर होतं. दार उघडून बाहेर जाऊन माणसं आणावीत एवढी साधी अक्कल मला सुचली नाही. डोक्यात एकच होतं, आक्का वर आहे, तिला खाली आणायचं. मी सरपटत गाडीवर चढलो. रिकामं पॅलेट फोर्कवर होतं. मी इंजिन पूर्ण रेस केलं आणि फोर्क वर नेले. माळ्याला टेकवले. गाडीच्या छतावर चढून, कसा चढलो देव जाणे, तिला खांद्याला धरून पॅलेटवर ओढली. तिचं डोकं लाकडावर आपटलं. "आक्का, मी हाय गं, आक्का, जरा दम धर," असं काहीतरी बडबडत होतो. परत सीटवर आलो. फोर्क खाली घेतले. इंजिन धडधडत होतं. तसाच गाडी उलटी घेऊन मी आवाराकडच्या दाराला धडक दिली. बंद दार फाटलं, ऊन आत आलं, आणि मला पुढचं आठवत नाही.

सांगलीच्या दवाखान्यात पाच जणी संध्याकाळपर्यंत उठून बसल्या. मलाही नाकावर मास्क लावून ठेवलं होतं, मी तो काढून आक्काच्या खोलीबाहेर जाऊन बसलो. आक्का उठली नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मी देवाला काय काय कबूल केलं ते सांगत नाही, लाज वाटते. एवढं सांगतो की त्या दोन दिवसांत देवानं माझे हात मागितले असते तर मी दिले असते.

डॉक्टरांनी अण्णांना आणि मला आत बोलावलं. "आत काही इंजिन चालू होतं का?"

"फोर्कलिफ्ट हुती," अण्णा म्हणाले. "पण गॅसची. तिला धूर नसतो."

"धूर नसतो. कार्बन मोनॉक्साइड असतो. त्याला रंग नाही, वास नाही. बंद जागेत, पंखे बंद, दारं बंद, तीन तास... आणि गरम असतो म्हणून आधी वर चढतो. या बाई वर होत्या का?"

अण्णांनी खुर्चीचा हात धरला. मग माझ्याकडं वळून अगदी लहान आवाजात म्हणाले, "किसन, आपल्याला हे कुणी सांगितलंच न्हाई रे."

"न्हाई अण्णा," मी म्हणालो.

तिसऱ्या दिवशी आक्कानं डोळे उघडले. मला ओळखलं, पाणी मागितलं, आणि मालनची चौकशी केली. गावात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, आणि सरपंचांचं भाषण, ज्यात मी बहिणीला मृत्यूच्या दाढेतून खेचून आणलं होतं. आक्का पहिल्या रांगेत बसून रडत होती. भेटायला येईल त्याला ती सांगायची, "माज्या भावानं मला खाली उतरवली. त्यो नसता तर मी न्हाई."

वीस दिवस हे सुख टिकलं. एकविसाव्या दिवशी तिनं भाजीत दोनदा मीठ घातलं. मग तीनदा. मग ती दारात उभी राहून विचारायला लागली की मी कुठून आलो, कामावरून की बाजारातून, आणि मी सांगितलं की परत विचारायची. डॉक्टर म्हणाले, या विषाचं असं असतं, माणूस बरा होतो आणि मग काही आठवड्यांनी मेंदूवर घाव दिसतो. जुनं सगळं राहील. नवीन काही टिकणार नाही. आज सकाळी सांगितलेलं दुपारपर्यंत गेलेलं असेल.

अण्णांनी गॅसची गाडी विकून बॅटरीची घेतली. ती मालन चालवते. मी गेटवर बसतो. अण्णांनी मला काढलं नाही, कधी काढणारही नव्हते, हे मला नंतर कळलं.

आणि आता ते, जे मी डॉक्टरांच्या खोलीत बोललो नाही. कडुनिंबाखाली चौबळ साहेबांनी मला काय सांगितलं होतं ते. ते म्हणाले होते, "किसनराव, गॅसची घेताय तर घ्या, पण चेंबरच्या आत नेऊ नका. बाहेरच्या फलाटावर वापरा. धूर दिसणार नाही, वासही येणार नाही, आणि माणसं जातील. मालकांना नीट सांगा. मी सांगू का?" मी म्हणालो होतो, "मी सांगतो की. तुम्ही निवांत जावा." चेंबरच्या आत न जाणारी गाडी घेऊन अण्णा काय करणार होते? त्यांनी बॅटरीची घेतली असती. आक्का किंवा मालन ती चालवायला शिकली असती. आणि खरं सांगू, मला ते साहेबाचं फाजील ज्ञान वाटलं. ज्याचा वास येत नाही ते माणसाला कसं मारेल? सत्कारानंतर चौबळ साहेबांचा फोन आला होता. "मी तुम्हाला सांगितलं होतं ना हो?" एवढंच ते म्हणाले. मी फोन ठेवला.

याला आता अकरा वर्षं झाली. या अकरा वर्षांत मी आक्काला ते चार वेळा सांगितलं. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा ती खूप रडली. दुसऱ्यांदा तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, पोटासाठी माणूस घाबरतं रे. मी तिच्या पायावर डोकं ठेवून मोकळा झालो, आणि दिवेलागणीला शेजारीण आली तर आक्का तिला सांगत होती, माझ्या भावानं मला खाली उतरवली. माझी माफी दुपारीच वाहून गेली होती. तिसऱ्यांदा तिनं थोबाडीत मारली. चौथ्यांदा ती म्हणाली, "जा. माज्यासमोरनं जा."

परवा पाचव्यांदा सांगितलं. दुपारची वेळ होती, मी तिला भात कालवून देत होतो. तिनं सगळं ऐकून घेतलं. घास हातात तसाच राहिला.

"हे तू मला आदी कदी सांगितलंवतंस का?" तिनं विचारलं. हा प्रश्न तिनं आधी कधीच विचारला नव्हता.

नाही म्हणणं सोपं होतं. पण डॉक्टरांच्या खोलीत एकदा नाही म्हणून बघितलं होतं.

"व्हय आक्का. चार येळा."

"मग मी काय म्हनले?"

चारांतलं एक निवडायचं होतं. माफीचंही सांगता आलं असतं.

"शेवटच्या टायमाला म्हणालीस, जा माज्यासमोरनं."

"मग गेलास?"

"गेलो हुतो. बाहेर बसलो हुतो."

"आनि परत आलास कसा?"

"संध्याकाळी तू हाक मारलीस. किसना, जेवलास का, म्हणून."

आक्का माझ्याकडं बघत राहिली.  तिला कळत होतं. त्या घटकेला तिला सगळं कळत होतं, माझं आणि तिचं स्वतःचंही. मग तिनं हातातला घास ताटात ठेवला, ताट सरकवलं आणि भिंतीकडं तोंड करून आडवी झाली.

मी ताट उचललं, बाहेर येऊन पायरीवर बसलो, आणि ती विसरायची वाट बघू लागलो.